मास्तरांची कात्री आणि पांढरी बाटली

मित्रांनो, कापायच्या टेबलाशेजारी भिंतीला एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला काळ्या दांड्यांची दहा इंची कात्री टांगलेली आहे. ती मी. वय विचारू नका. धार लावून लावून माझी पाती अर्ध्या बोटाने अरुंद झाली आहेत, त्यावरून काय तो अंदाज बांधा. स्वभाव मात्र आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी नाक मुरडायला नको. मी मत्सरी आहे. ही गोष्ट माझ्या मत्सराची आहे आणि त्या भरात माझ्या हातून जे घडलं त्याची आहे. मला हात नाहीत हे मलाही ठाऊक आहे, पण तुम्ही समजून घ्याल.

माझा जन्म भट्टीतला. मला घडवणारा म्हातारा कारागीर आयुष्यभर फक्त कात्र्याच करत आला होता. त्याने दोन पाती तापवली, ठोकली, पाण्यात बुडवली, कानसेने घासली आणि मधोमध एक स्क्रू पिळून त्यांची जन्माची गाठ बांधून दिली. मग एक ओलं फडकं घेऊन ते माझ्या टोकाने कापून पाहिलं. ओलं कापड टोकाने कापलं गेलं तरच कात्री खरी, असं त्याचं म्हणणं होतं. मी ते सरळ कापलं. तो बोलला काहीच नाही, पण शेजारी ठेवलेल्या तीन कात्र्यांकडे त्याने पुन्हा वळून पाहिलं नाही. मला पहिल्या नंबरची सवय लागली ती तेव्हापासून.

मला मास्तरांच्या हाती दिलं त्यांच्या गुरूंनी, मास्तरांनी पहिला कोट कोणाच्या मदतीशिवाय कापला त्या दिवशी. मास्तर तेव्हा विशीतले, अंगाने काडी. त्यांनी लहान कडीत अंगठा घातला, मोठ्या कडीत तीन बोटं घातली, आणि हाच तो हात हे मला कळलं. पुढे त्यांनी स्वतःचं दुकान काढलं. दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे उघडणारा दरवाजा, दोन मशीन, इस्त्रीचं टेबल, उभा आरसा, माप द्यायला पडद्याचा आडोसा. आणि माझा खिळा.

मास्तरांचा एक नेम होता. सकाळी उठल्यावर ते आधी दुकानात येत, मला खिळ्यावरून काढत आणि हवेत दोनदा चालवत. कच्च, कच्च. मान तिरकी करून आवाज ऐकत. आवाज कोरडा आला तर स्क्रूवर तेलाचा एक थेंब. मग चहा, मग नाश्ता, मग बाकीचं जग. त्यांची बायको, जिला सगळे बाई म्हणत, ती आतून ओरडायची, "झाली का तिची विचारपूस? मग आता आमच्याकडे या! सवत आहे मेली माझी, सवत!" मी खिळ्यावर बसून हे ऐकायची आणि मनातल्या मनात फुलायची. दुसऱ्याचा मत्सर ऐकायला फार गोड लागतो, मित्रांनो.

माझ्या बाबतीत एक कायदा होता. कापड सोडून मी काही कापायचं नाही. कागद नाही, सुतळी नाही, पिशवीचं तोंडही नाही. कागदाने धार जाते. मास्तरांची लेक सहा वर्षांची असताना तिने मला चोरून नेलं आणि कागदाची बाहुली कापली. मास्तर तिला रागावले नाहीत, पण दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिने ती बाहुली त्यांच्या उशाशी नेऊन ठेवली तेव्हा कुठे अबोला सुटला.

दुकानात मला हेवा वाटावा अशी मंडळी होती म्हणा. माप घ्यायची टेप दिवसभर मास्तरांच्या गळ्यातच पडलेली. इस्त्रीला वाटायचं, शेवटचा हात तिचाच. पण सकाळी पहिली मी, यात कोणाची टाप नव्हती मधे बोलायची. मशीनवर एक कारागीर बसे, डावखुरा, म्हणून त्याचं नाव डावरा. काम सोन्यासारखं, पण मी त्याच्या काही कामाची नव्हते. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात चालत नाही. पाती कापडाला चावतात आणि चुरगळतात. त्याची स्वतःची वेगळी कात्री होती, नारिंगी प्लास्टिकच्या दांड्यांची. तिच्याविषयी मी काही बोलणार नाही. सांगायचं ते एवढंच, की मास्तरांच्या हाताखेरीज मला या घरात दुसरा हात नव्हता.

आणि मग मास्तर आजारी पडले.

आधी त्यांची एक किडनी काढली. तिच्यात कॅन्सरची गाठ होती. दीड महिन्याने ते परत टेबलाशी उभे राहिले. एका किडनीवरही माणूस फर्मास कोट कापू शकतो, हे मी दोन वर्षं स्वतः अनुभवलं. मग एका तपासणीत फुप्फुसावर चार ठिपके दिसले. किडनीतलाच आजार तिथे जाऊन बसला होता. लेक तोवर मोठी झाली होती, कायदा शिकत होती. ती टेबलावर बसून आईला समजावत होती, "आई, या वेळी ऑपरेशन नाही. गोळी आहे, रोज घरीच घ्यायची. गाठीला रक्त पोचवणाऱ्या वाटा ती अडवते. गाठीला खायला मिळालं नाही की ती वाढत नाही."

"म्हणजे बरे होतील ना?" बाईंनी विचारलं.

"आजार दाबून धरायचा, आई. जितके दिवस गोळी लागू पडेल तितके दिवस."

दुसऱ्या दिवशी ती बाटली घरात आली. पांढरी, प्लास्टिकची, वीतभरसुद्धा नाही. टोपण दाबून फिरवल्याशिवाय उघडत नसे, इतका नखरा. आत पिवळ्या गोळ्या. तिला आरशाशेजारच्या फळीवर बसवलं, अगदी माझ्या समोर. लेकीने मोठ्या अक्षरांत एक कागद लिहून आरशाला चिकटवला. गोळी सकाळी ठरल्या वेळी, उपाशीपोटी. अख्खी गिळायची, तोडायची नाही. नंतर एक तास काही खायचं नाही. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. रोज ब्लडप्रेशर बघायचं. काही त्रास झाला तर हॉस्पिटलला फोन.

माझ्यासाठी एवढ्या वर्षांत कोणी एक ओळ लिहिली नव्हती.

पहिल्या सकाळी मास्तर दुकानात आले आणि सवयीने माझ्याकडे हात केला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "अहो, आधी गोळी!" हात अर्ध्यावरून मागे गेला. बाटली खुळखुळली. बाईंनी पाण्याचा पेला पुढे धरला, लेक घड्याळ बघत उभी राहिली, डावऱ्यानेसुद्धा मशीन थांबवलं. मास्तरांनी गोळी गिळली आणि सगळ्यांनी असा श्वास सोडला की जणू वरात सुखरूप घरी पोचली. माझी आठवण त्यांना दुपारी बारा वाजता झाली. तेव्हाही हवेत दोनदा चालवणं राहूनच गेलं.

मी जळले. उगीच गुळमुळीत कशाला सांगू? मी त्या बाटलीवर जळून खाक झाले. काल आलेली, ना धार ना वजन, आणि सगळं घर तिच्याभोवती पिंगा घालतंय. प्रवासाला ती सोबत, फोनवर चौकशी तिची. पाहुणे यायचे तेही आधी विचारायचे, "गोळी चालू आहे ना?" कात्री चालू आहे का, असं कोणाच्याही तोंडून आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांचे तळहात लाल झाले. मग बोटांच्या पेरांवर, नेमक्या माझ्या कड्या टेकतात त्या जागी, फोड आले. मग कातडी सुटू लागली. तळपायांचं तेच. ते टाचांवर जपून चालायला लागले, जाड मऊ सपाता घालून. एकदा त्यांनी मला उचललं, अंगठा कडीत घातला आणि "स्स" करून खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत माझा स्पर्श त्यांना पहिल्यांदा नकोसा झाला, आणि तो त्या बाटलीमुळे झाला. तुम्हीच सांगा, मला काय वाटलं असेल.

आता खरी अडचण सांगते. लेक परीक्षा पास झाली होती. पुढच्या महिन्यात ती वकील म्हणून पहिल्यांदा कोर्टात उभी राहणार होती. काळा कोट लागणार होता, आणि तो बाबांनी स्वतः कापायचा हे ती शाळेत होती तेव्हापासूनचं ठरलेलं. कापड आणून ठेवलं होतं. डावरा एकदा भीत भीत म्हणाला, "मास्तर, मी कापू का? तुम्ही शेजारी बसून सांगा."

"तू शिवायचा," मास्तर म्हणाले. "कापणार मी."

हातांचं त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. सुती हातमोजे घातले आणि बाईंना सांगितलं, नर्सने खबरदारी म्हणून मलम लावून घालायला सांगितलेत. हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला तेव्हा हसून म्हणाले, "एकदम झकास! काही तक्रार नाही." त्यांना दोन भीती होत्या. हात दाखवले तर डॉक्टर औषध बंद करतील, ही एक. आणि लेक म्हणेल, बाबा, राहू दे कोट, मी तयार विकत घेते, ही दुसरी. दुसरी जास्त मोठी होती, असं मला वाटतं.

एका सकाळी बाई भाजीला गेल्या होत्या, डावरा यायचा होता. मास्तरांनी बाटलीतून गोळी काढली आणि टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसले. मग ते स्वतःशीच बोलले. "अंगाला काचतंय ना? मग अर्धा इंच सैल करायचं. जन्मभर हेच केलंय." आणि त्यांनी मला हाक मारावी तसा हात केला.

कागद न कापू देणाऱ्या माझ्या मास्तरांनी गोळी माझ्या पात्यांत धरली.

मित्रांनो, मी नकार देऊ शकत नव्हते, हे खरं. पण मला नकार द्यायचाही नव्हता. त्या बाटलीच्या पोटातली गोळी माझ्या दातांत आली होती! मी असं काही चावलं की कट्कन दोन तुकडे झाले आणि एक उडून इस्त्रीच्या टेबलाखाली गेला. मास्तरांनी तो शोधून काढला, मार्किंगच्या खडूच्या डबीत उद्यासाठी ठेवला आणि उरलेला अर्धा गिळला. माझ्या पात्यांवर पिवळा चुरा बसला होता. तो मी दागिन्यासारखा मिरवला.

असे दहा दिवस गेले. रोज सकाळी पुन्हा मास्तर माझ्याकडे येऊ लागले. एका दिवशी गोळी कापायला, दुसऱ्या दिवशी हवेत दोनदा चालवायला, कारण त्या दिवसाचा अर्धा डबीत तयार असे. बाटली आता दिवसाआडच वाजत होती. फोड थोडे बसले. अकराव्या दिवशी मास्तरांनी काळं कापड टेबलावर पसरलं, हातमोजे काढले आणि खडूने आखायला घेतलं. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या. रेघ जराही थरथरली नाही. मी खिळ्यावर तयार होते. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात बाई आल्या. लेकीचा कोट आखलेला बघून त्यांचा चेहरा खुलला. "माझ्या साडीच्या फॉलला दोन खुणा करते हो," म्हणत त्यांनी खडूची डबी उघडली. आणि तशाच उभ्या राहिल्या.

"अहो, हे काय?"

मास्तर आखलेलीच रेघ पुन्हा आखू लागले.

"हा खडू नाही. ही गोळी आहे. अर्धी." त्यांनी मला खिळ्यावरून खेचून काढलं, उजेडात धरलं, पात्यांवरचा पिवळा थर पाहिला. मास्तर पांढरा आणि निळा असे दोनच खडू वापरतात हे त्या घरातल्या मांजरालाही माहीत होतं. "हिने कापलीत? किती दिवस?"

"थोडे दिवस," मास्तर म्हणाले. "हात बरे होईपर्यंत."

"हातांना काय झालंय?"

मास्तरांनी हात मागे लपवले. लहान मूल लपवतं तसे. बाईंनी ते धरून पुढे आणले आणि तळवे उलटे केले. त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्याही नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मी रोज सकाळी पेला घेऊन उभी राहायची ते थांबवलंत. 'तू भाजीला जा, गर्दी नसते' म्हणालात. मी खुळ्यासारखी जात राहिले."

लेक आली. तिने ऐकलं, तळहात पाहिले, टेबलावरचं आखलेलं कापड पाहिलं. तिला सगळं कळलं. ती म्हणाली, "बाबा, मी कागद कापला तर तुम्ही दोन दिवस बोलला नव्हतात. आणि तुम्ही गोळी कापलीत? माझ्या कोटासाठी?" मग मात्र ती रडली.

बाईंनी पिशवी काढली. तिच्यात बाटली घातली, अर्ध्या गोळीची डबी घातली आणि जुन्या पेपरात गुंडाळून मलाही घातलं. मास्तर म्हणाले, "अगं, हिला कशाला?" बाई म्हणाल्या, "साक्षीला."

अशी मी त्या बाटलीच्या अंगाला अंग लावून हॉस्पिटलात गेले. वाटेत प्रत्येक वळणावर ती माझ्यावर आपटायची आणि आतून खुळखुळायची. बाहेर कितीतरी लोक बसले होते. पिशवीच्या फटीतून मला एक बसचालक दिसला, त्याच्या खिशातही अशीच पांढरी बाटली. एक शिक्षिका होती, ती पर्समधली बाटली दर पाच मिनिटांनी चाचपून बघत होती, आहे ना म्हणून. कोणी कात्री चाचपत नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली. ही बाटली मास्तरांना माझ्यापासून तोडायला आलेली नसेल तर? दुसऱ्याच कोणापासून वाचवायला आली असेल तर?

डॉक्टर बाई तरुण होत्या. मास्तरांच्या बायकोने पिशवीतून दहा इंची कात्री काढल्यावर शेजारची नर्स दोन पावलं मागे सरकली. डॉक्टरांनी तळहात नीट पाहिले, पाय पाहिले, दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर मोजलं. मग डबीतला अर्धा तुकडा पाहिला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मास्तर, एखादं गिऱ्हाईक घट्ट झालेला कोट घरीच कापून मग तुमच्याकडे घेऊन आलं, तर तुम्ही काय म्हणता?"

मास्तर म्हणाले, "म्हणतो, कापायच्या आधी आणायचा होता. आत शिवणीला माया ठेवलेली असते, जादा कापड. उसवून सैल करून दिला असता."

"आमच्याकडेही ठेवलेली असते," डॉक्टर म्हणाल्या. "हाता-पायांना असं होतं हे आम्हाला माहीत आहे. अशा वेळी आम्ही गोळी थोडे दिवस थांबवतो, कातडी भरून आली की कमी ताकदीची सुरू करतो. पण ती कमी ताकदीची गोळी वेगळी मिळते. ही तोडून तिचं अर्धं होत नाही. वरचा थर फुटला की ती पोटात कशी उतरेल याचा भरवसा नसतो. आणि मुख्य म्हणजे तुम्ही अर्धी घेताय, मी समजतेय अख्खी. मग मी आजाराचं माप कसं घ्यायचं?"

"आजार वाढला असेल का?" बाईंनी विचारलं.

"आत्ता सांगता येणार नाही. दोन महिन्यांनी स्कॅन आहे, त्यात दिसेल." मग त्या मास्तरांकडे वळल्या. "कोट कधी हवाय?"

"पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला."

"मग एक आठवडा गोळी बंद. रोज मलम. रोज नर्सला फोन, आणि या वेळी खरं सांगायचं. हात बरे झाले की खुशाल कापा. पहिला फोड आला तेव्हाच फोन केला असता तर आतापर्यंत कोट शिवून झाला असता."

मास्तरांनी डोळे पुसले आणि हातांना झोंबलं म्हणून पुन्हा "स्स" केलं. नर्सने तो अर्धा तुकडा आणि डबीतला चुरा एका पाकिटात भरून घेतला, हा चुरा घरात कोणाच्याही हाताला लागता कामा नये असं बजावलं, आणि हातमोजे घालून मला ओल्या कापसाने टोकापासून स्क्रूपर्यंत पुसून काढलं. एवढ्या वर्षांत माझी अशी शोभा कधी झाली नव्हती. माझा दागिना कचऱ्याच्या डब्यात गेला. बरं झालं.

तो आठवडा बाटली कपाटात बंद होती. मास्तर सगळेच्या सगळे माझे होते. याच दिवसांसाठी मी जळले होते ना? पण सकाळी फळी रिकामी दिसायची आणि माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. ते चार ठिपके काय करत असतील, हा विचार लोखंडाच्या डोक्यातही येतो. बाई दिवसातून दहा वेळा कपाटाकडे बघायच्या. आम्ही दोघी, म्हणजे बाई आणि मी, पहिल्यांदा एकाच गोष्टीची वाट बघत होतो.

पाचव्या दिवशी बाईंनी मला मांडीवर घेतलं. मऊ फ्लॅनेलच्या पट्ट्या कापल्या, आत कापूस भरला आणि माझ्या दोन्ही कड्यांना बारीक टाक्यांनी गाद्या शिवल्या. "ये बाई," त्या पुटपुटल्या, "तुझेही लाड करते. पण त्यांना टोचलीस तर याद राख." माझ्या काळ्याभोर दांड्यांना फुलाफुलांचं फ्लॅनेल! नारिंगी कात्री हसली असणार. मी अवाक्षर काढलं नाही.

सातव्या दिवशी मास्तरांनी कोट कापला. लेक समोर स्टुलावर बसली होती, डावरा कापड धरून उभा होता. मी खडूच्या रेघेवरून पाणी उतारावरून जावं तशी गेले. बाहीच्या वळणावर मास्तर थांबले, पंजा उघडून मिटून पाहिला आणि लेकीला म्हणाले, "दुखत नाही. खरं सांगतोय." डावऱ्याने तो दोन दिवसांत शिवला. पाच तारखेला लेक तो घालून दारातून बाहेर पडली तेव्हा मास्तरांनी तिच्या खांद्यावरचा नसलेला धागा झटकला.

त्याआधीच, आठव्या दिवशी, नवी बाटली आली होती. तशीच पांढरी, आत जरा लहान गोळ्या. पुन्हा बाई पेला घेऊन उभ्या. स्कॅनच्या दिवशी घरात कोणी धड जेवलं नाही. निकाल आणायला मास्तर आणि बाई गेले, मी खिळ्यावर. दुपारी बाई दारातूनच डावऱ्याला म्हणाल्या, "वाढले नाहीत रे! चारही तेवढेच आहेत. एक तर जरा लहान दिसतोय म्हणाल्या डॉक्टर." डावऱ्याने मशीनवर डोकं टेकलं. मास्तर आत आले, मला काढलं, आणि भर दुपारी हवेत दोनदा चालवलं. कच्च, कच्च.

मित्रांनो, मत्सर माणसाला आंधळं करतो असं तुम्ही ऐकलं असेल. मला तर डोळेच नाहीत, तरी मी आंधळी झाले. माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात कोणी रोज अशी गोळी घेत असेल, तर तिला घरच्या कोणत्याही कात्रीच्या हाती देऊ नका, ती कितीही धारदार आणि कितीही जुनी असली तरी. काचत असेल तर लगेच सांगा. सैल करणारी माणसं दुसरी आहेत. आणि घरातल्या माणसाचे तळहात अधूनमधून उलटे करून बघत जा.

माझा मत्सर गेला का? छे. बाटली अजूनही पहिल्या नंबरवर आहे आणि मला ते अजूनही सलतं. पण एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. गोळीनंतर एक तास काही खायचं नसतं. मास्तरांना नुसतं बसवत नाही. मग तो तास ते माझ्याजवळ येतात. चहा नाही, नाश्ता नाही, गिऱ्हाईक नाही. खिडकीतून ऊन टेबलावर येतं आणि आम्ही दोघं कापड कापतो. पूर्वी माझ्या वाट्याला सकाळी दोन कच्च यायचे. आता रोज अख्खा तास येतो, आणि तो मला त्या सवतीने दिलेला आहे.

काल सकाळी बाटली उचलली तेव्हा आत दोनच गोळ्या वाजल्या. माझा स्क्रू आवळल्यासारखा झाला.

"अगं, संपत आली," मास्तर म्हणाले.

"नवी आणून ठेवलीय परवाच," बाई आतून म्हणाल्या.

मास्तरांनी गोळी अख्खी गिळली, घड्याळ बघितलं, आणि माझ्याकडे हात केला.